बिनहाताच्या चार खुर्च्या

हवालदार कुठंही वाजवायला निघाले की त्यांच्याआधी खुर्च्या निघायच्या. लोखंडी, घडीच्या, बिनहाताच्या चार खुर्च्या. दोन स्कूटरच्या पुढ्यात उभ्या, दोन मागं सुतळीनं करकचून बांधलेल्या, आणि या सगळ्याच्या मधे पाठीला व्हायोलाची पेटी अडकवून ताठ बसलेले हवालदार. नाशिकमधल्या एकाही सभागृहावर त्यांचा भरवसा नव्हता आणि आज मी सांगते, नव्हता तेच बरोबर होतं. आपल्याकडं व्यासपीठावर एकतर लाल मखमलीचे सोफे असतात, नाहीतर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या हातांच्या खुर्च्या. अशा खुर्चीत बसून चेलो किंवा व्हायोला वाजवून बघा. कोपर अडकतं, गज खुर्चीच्या हातावर आपटतो. "या खुर्च्या भाषण ऐकून घ्यायला केल्यात," हवालदार म्हणायचे, "काम करायला नाही." लोक त्यांना मागून 'खुर्चीवाला' म्हणायचे. समोर म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण हवालदार सहा फूट उंच होते आणि त्यांना राग लवकर यायचा.

ते मूळचे नामपूरचे. घरी कांदा. सतराव्या-अठराव्या वर्षी सैन्यात गेले आणि तिथल्या बँडमधे त्यांची निवड झाली ती गाता येतं म्हणून नव्हे, हात लांब होते म्हणून. बँडमास्तरांनी दंडापासून बोटापर्यंत माप घेतलं आणि हातात व्हायोला दिली. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, चार बोटं मोठी आणि आवाजानं घोगरी. "तिकडं पसंती विचारत नाहीत," ते सांगायचे. "बूट नि वाजा, दोन्ही मापानं मिळतात." बावीस वर्षं त्यांनी ती वाजवली. कुठं, तर अधिकाऱ्यांच्या मेसमधे, जेवणाच्या वेळी, पडद्याच्या बाजूला. कुणाचं तरी आरोग्य चिंतायला ग्लास वर गेले की जिथं असेल तिथं वाजवणं तोडायचं. बावीस वर्षांत एकही रचना पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत लोकांसमोर वाजली नाही. "सगळी नोकरी सुपाच्या वाडग्यामागं गेली," असं म्हणून ते हसायचे, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

निवृत्त होऊन ते देवळालीत राहिले आणि सातपूरच्या एका कारखान्यात गेटवर सुरक्षा रक्षक म्हणून लागले. माझी गाठ पडली ती त्र्याण्णव साली, आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनात. मी तिथं गणित शिकवायची आणि लहानपणापासून मांडी घालून व्हायोलिन वाजवायची, आपल्या रागदारीचं. कार्यक्रम संपल्यावर खाकी गणवेशातला एक उंच माणूस व्यासपीठाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. त्याचा पुतण्या आमच्याकडं शिकत होता.

"बोट बरं आहे," ते म्हणाले. "पण दुसऱ्याचं ऐकता का?"

मी म्हटलं, तबला ऐकतेच की.

"तबला तुमचं ऐकतो. मी तुमचं विचारतोय."

मला असा राग आला की सांगता सोय नाही. आणि पुढच्याच रविवारी मी त्यांनी सांगितलेल्या पत्त्यावर गेले.

तो पत्ता म्हणजे शरणपूरच्या बाजूची एक जुनी शाळा. तिच्या हॉलमधे कोपऱ्यात एक म्हातारा पियानो होता आणि त्या पियानोच्या मालकीण असल्यासारख्या तिथं रूथमिस होत्या, शाळेच्या संगीत शिक्षिका. चेलो, म्हणजे पायांत धरून वाजवायचं ते मोठं तारवाद्य, वाजवायचे केळकर, दातांचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या तोंडात वाकून वाकून त्यांची मान गेलेली, रविवारी चेलोशी ती सरळ व्हायची. व्हायोला हवालदारांची. व्हायोलिनची जागा रिकामी होती, ती मला मिळाली. पियानो आणि तीन तारवाद्यं, अशा चौघांसाठी दोनशे वर्षांपूर्वी युरोपात कोणीतरी लिहून ठेवलेली एक रचना आम्ही वाजवायला घेतली. कोणी ते मी सांगत नाही, कारण हवालदार कधी सांगू द्यायचे नाहीत. "नाव सांगितलं की लोक नावाला टाळ्या वाजवतात. त्या गड्यानं काम काय केलंय ते ऐका म्हणावं." त्यांच्या लेखी तो 'गडी' होता. त्याच्या चुका ते काढायचे नाहीत, आमच्या मात्र एकूणएक काढायचे.

मला समोर कागद ठेवून, खुर्चीत बसून, हनुवटीखाली धरून वाजवायला शिकवलं ते त्यांनी. रागदारीतली माझी सगळी ऐट पहिल्या महिन्यात उतरली. मी सुरावर जरा रेंगाळले की व्हायोलाचा गज टक्कन स्टँडवर वाजायचा. "तुमच्याकडं एक जण बोलतो आणि बाकीचे मान डोलवतात. इथं चौघं एकाच वेळी बोलतात आणि तरी भांडण होत नाही. कसं होत नाही ते शोध, माय." खानदेशी माणसाच्या तोंडचं ते 'माय' ऐकलं की शिवीसुद्धा गोड लागायची. फार संतापले की मात्र मराठी सुटून सरळ अहिराणी यायची. "कान शेतस का तुले?", कान आहेत का तुला, हे मी त्या हॉलमधे जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल.

पियानो अर्ध्या सुरानं खाली उतरलेला होता. वर ओढला तर तारा तुटतील असं रूथमिस म्हणायच्या. डॉक्टरांचं म्हणणं, मुंबईहून माणूस आणू, प्रयत्न तरी करू. हवालदारांनी ऐकून घेतलं आणि आपल्या व्हायोलाच्या खुंट्या सैल करायला घेतल्या. "तो म्हातारा आहे. तो वर येणार नाही. आपण खाली जायचं." दर रविवारी आम्ही तिघं आपापल्या तारा अर्धा सूर उतरवायचो आणि घरी जाऊन परत चढवायचो. हॉलमधले पंखे बंद करायला शिपाई तयार नसायचा, म्हणून हवालदारांच्या खिशात कपडे वाळत घालायचे सोळा चिमटे असायचे, प्रत्येकाच्या कागदाला चार. रविवारी संध्याकाळी ते मोजून परत घ्यायचे, आणि एखादा माझ्या पेटीत राहिला तर गुरुवारपर्यंत निरोप यायचा.

व्हायोलाचं दुःख मला कळायला दोन वर्षं लागली. व्हायोलिनला धून मिळते, चेलोला खोली मिळते, पियानोला तर सगळंच मिळतं. व्हायोला मधे. ती भरते. हवालदार म्हणायचे, "फोडणीतला कांदा आहे तो. रश्श्यात दिसतो का? नाही घातला तर मात्र पाहुणा विचारतो, आज भाजीला काय झालं?" नामपूरचा माणूस दुसरा कशाचा दाखला देणार. पण त्या रचनेच्या तिसऱ्या, संथ भागात एक जागा होती. मी थांबते, डॉक्टर थांबतात, पियानो खाली हळू चालत राहतो आणि बारा मात्रा धून व्हायोलाकडं येते. चार भागांच्या अर्ध्या तासात तेवढीच. हवालदार ती वाजवायला लागले की मी माझा कागद बघायची विसरायची. घोगरा आवाज, घाई नाही, लाडीगोडी नाही. एखाद्या अबोल माणसानं एकदाच मनातलं सांगावं तसं. मग लगेच मी पुन्हा सुरू व्हायची आणि तो आवाज परत मधे मिसळून जायचा.

ही जागा त्यांना एका माणसाला ऐकवायची होती. त्यांच्या बायकोला.

काकूंना मी त्यांच्या घरी भेटायची. ठेंगण्या, सावळ्या, बोलणं अहिराणीच. तीस वर्षं त्यांनी नवऱ्याचं वाजवणं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं आणि तीस वर्षं त्यांना फक्त व्हायोलाचा भाग ऐकू आला होता. एकच सूर आठ वेळा, मग गप्प, मग दुसरा सूर आठ वेळा, मग पुन्हा गप्प. चारातला तो एक तुकडा भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला काय कळणार. मला चहा देताना त्या म्हणाल्या होत्या, "यासनं नुसतं कुई कुई चालस. गानं कवय येस, देव जाने." म्हणजे यांचं नुसतं कुईकुई चालतं, गाणं कधी येतं ते देवालाच ठाऊक. हवालदार शेजारीच बसले होते. एरवी कागदाचा चिमटा हरवला तर आकाशपाताळ एक करणारा हा माणूस, त्या वाक्यावर नुसता कपातला चहा बशीत ओतत राहिला.

तालमीला का आणत नाही त्यांना, मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं. "तालीम म्हणजे चूल. चुलीपाशी पाहुण्याला बसवतात का? पान वाढलं की बोलावीन." आणि खरंच, आमच्या तालमीत सलग काही वाजायचंच नाही, दर चार ओळींनी गज स्टँडवर टक्कन वाजायचा. तरी माझा यावर राग आहे, त्यांच्यावरचा. काकूंना एका रविवारी कोपऱ्यात बसवून वाजवून दाखवलं असतं तर काय बिघडलं असतं? पण पंगत म्हणजे पंगत. शिस्तीच्या माणसांची हीच खोड असते, सगळं नीट व्हावं म्हणून ती थांबतात, आणि नीट व्हायचं काम असतं दुसऱ्याच कोणाच्या हातात.

चार वर्षांच्या तालमीनंतर सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात बोलावणं आलं. गावातल्या एका सांस्कृतिक मंडळाचा वार्षिक महोत्सव होता. मंडळाचे अध्यक्ष त्या शाळेचे विश्वस्तही होते, म्हणून कार्यक्रम त्याच हॉलमधे. अध्यक्षांकडं मी स्वतः गेले. रचना एकच आहे, तिचे चार भाग आहेत, अर्धा तास लागतो, भागांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नसतात, हे मी कागदावर लिहून दिलं. "हो हो," अध्यक्ष म्हणाले. सुरुवातीला निवेदकानं हे लोकांना सांगावं, अशी हवालदारांची एकच विनंती होती. "हो हो."

दोन भागांमधल्या त्या शांततेवर हवालदारांचा फार जीव होता. "ती कागदावर लिहिलेली नाही, पण तीही वाजवायचीच आहे." चार श्वास, असा त्यांचा हिशोब. चार श्वास हलायचं नाही, कागद चाळायचा नाही, गज खाली आणायचा नाही. पहिल्या भागाचं दळण डोक्यातून जाऊ द्यायचं आणि मग दुसऱ्याला हात घालायचा. आमच्याकडून त्यांनी ही शांतता वाजवण्याइतकीच घोटून घेतली होती.

त्या दिवशी काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतलं जरीचं लुगडं नेसून. निवेदकानं माइक हातात घेतला आणि पहिला घाव तिथं बसला. "सुप्रसिद्ध दंतवैद्य डॉक्टर केळकर, प्राध्यापिका अमुक अमुक, शाळेच्या लाडक्या रूथमिस, आणि त्यांना साथसंगत करीत आहेत..." साथसंगत. मी हवालदारांकडं बघितलं. ते आपली व्हायोला लावत होते, मान वर केली नाही. टाळ्यांबद्दल निवेदक अवाक्षर बोलला नाही. नंतर मी त्याला धरलं तेव्हा म्हणाला, "मॅडम, रसिकांना टाळ्या वाजवू नका असं कसं सांगायचं? अपमान होतो त्यांचा."

पहिला भाग आम्ही वाजवला. मी सांगते, इतका चांगला तो कधी वाजला नव्हता. शेवटचा सूर संपला, गज हवेत, एक श्वास, दुसरा श्वास, आणि टाळ्या. धो धो टाळ्या. तेवढं चाललं असतं, आम्ही थांबलो असतो. पण पडद्याच्या बाजूनं अध्यक्ष आले. त्यांच्या मागं ताट, ताटात शाली आणि नारळ. सत्कार. त्यांच्या हिशोबानं आम्ही वाजवून मोकळे झालो होतो. त्यांनी पहिली शाल डॉक्टरांच्या खांद्यावर टाकली, आणि चेलो पायांत धरलेला तो माणूस उठताही येईना आणि बसताही येईना असा अर्धवट वाकला.

मग अध्यक्ष माझ्याकडं आले. आता मी जे केलं ते लिहिते. मी उठले, व्हायोलिन काखेत धरलं, मान वाकवली, हात जोडले आणि हसले. शाल समोर आली की वाकायचं, हे आपल्या हाडात आहे. आईनं शिकवलेलं, शाळेनं शिकवलेलं, चारचौघांत कोणाचा मान मोडायचा नाही. मनात मी ओरडत होते की अजून तीन भाग आहेत, आणि माझी मान मात्र खाली गेली होती. मी वाकले म्हणून रूथमिस उठल्या. त्याही वाकल्या.

हवालदार जागचे हलले नाहीत. अध्यक्ष चौथी शाल उलगडून उभे, आणि हे गज हातात धरून बसलेले. मग म्हणाले, "आजून संपेल नही शे."

अजून संपलेलं नाही. माइक समोरच होता, सगळ्या हॉलला ऐकू गेलं. आणि लोक हसले. गेटवरचा रखवालदार इंग्रजी वाजा घेऊन बसतो आणि बोलतो अहिराणी, याची त्यांना गंमत वाटली. अध्यक्षही हसले. "भावना पोचल्या," असं माइकवर म्हणाले, शाल त्यांच्या मांडीवर ठेवली आणि पडदा पाडायची खूण केली. पुढं एका विनोदी कलाकाराचा एकपात्री कार्यक्रम होता. पडद्यामागं दोन माणसं सोफा घेऊन आली आणि आम्हाला म्हणाली, जरा सरकता का.

बाहेर काकू पायरीपाशी उभ्या होत्या. हवालदार खुर्च्या बांधत होते. त्या जवळ गेल्या आणि अगदी साधेपणानं विचारलं, "इतलंच व्हतं का?"

एवढंच होतं का. तीस वर्षांची कुईकुई, चार वर्षांचे रविवार, आणि एवढंच होतं का. हवालदारांनी सुतळीची गाठ मारली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "तू वाकलीस म्हणून संपलं, माय. नाहीतर नव्हतं संपलं." नंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. पुढच्या रविवारी ठरल्या वेळी हजर, सोळा चिमटे खिशात. मला वाटतं, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

पुन्हा बोलावणं आलं नाही. म्हणजे आलं, पण कसलं. लग्नाच्या स्वागत समारंभात जेवणाच्या वेळी जुन्या सिनेमांच्या धुना वाजवाल का. एका बिल्डरच्या ऑफिसच्या उद्घाटनाला 'काहीतरी क्लासी' हवंय. हवालदार विचारायचे, "सूप आहे का?" समोरच्याला वाटायचं, जेवणाचं विचारताहेत. "आहे आहे, काका, दोन प्रकारचं." मग ते फोन ठेवून द्यायचे. वर्षभरात शाळेनं रविवारचा हॉल बंद केला. पियानोवर कवायतीच्या गाद्या रचून ठेवल्या. मी अध्यक्षांना पत्रं लिहिली, एक तारीख द्या, नुसता हॉल द्या, श्रोते आम्ही आणू. प्रत्येक वेळी "हो हो". आम्ही तिघं डॉक्टरांच्या दवाखान्यात, दात काढायच्या खुर्चीशेजारी बसून वाजवत राहिलो, पियानोशिवाय. हवालदारांच्या त्या बारा मात्रांच्या खालचा पियानो डॉक्टर तोंडानं म्हणायचे.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात हवालदारांची छाती भरली. इस्पितळात मी भेटायला गेले तेव्हा ते पलंगावर मावत नव्हते, पाय बाहेर आलेले. बोलताना दम लागायचा.

"खुर्च्या घरून घेऊन जा," ते म्हणाले. "पुन्हा वाजवाल तेव्हा लागतील."

मी म्हटलं, कोण बोलावतंय आपल्याला.

"बोलावतील. माणूस गेल्यावर आपल्याकडं बोलावतात." जरा थांबून श्वास घेतला. "पुढच्या वेळी वाकू नको."

आठ दिवसांनी ते गेले. आणि दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. मंडळातर्फे शोकसभा ठेवली आहे. शाळेच्याच हॉलमधे. 'आपल्या शहराची सांस्कृतिक हानी' वगैरे. "तुम्ही तिघांनी श्रद्धांजली म्हणून एखादी धून वाजवा. दोन-तीन मिनिटं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सहा वर्षं या माणसानं हॉलची किल्ली दिली नव्हती. मी फोन आपटणारच होते. मग मला एक गोष्ट सुचली आणि मी अतिशय गोड आवाजात म्हटलं, वाजवू, पण गाद्या काढून पियानो मोकळा करून द्या, आणि सगळ्यात आधी आम्ही वाजवणार, भाषणं नंतर. "हो हो," अध्यक्ष म्हणाले.

मला काय सुचलं होतं? शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. नाशिकमधे तेवढा एकच कार्यक्रम आहे जिथं लोक हात मांडीवर ठेवून बसतात.

डॉक्टर म्हणाले, मुंबईहून व्हायोलावाला आणू. मी नाही म्हटलं. चौथी खुर्ची मांडायची, त्यांचा कागद स्टँडवर चार चिमट्यांनी लावायचा आणि आपण आपलंच वाजवायचं. पियानो आता पुरता एक सूर खाली गेला होता, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नव्हत्या. रूथमिसनी त्या साडीच्या पदरानं पुसल्या. मी आणि डॉक्टर तारा उतरवायला लागलो.

पहिला भाग वाजला. मधे मधे भोकं पडत होती, मला प्रत्येक ठिकाणी कळत होतं, इथं ते असायचे, इथं ते मला धरायचे. शेवटचा सूर संपला. कोणी टाळी वाजवली नाही. शांत. एक श्वास. दुसरा श्वास. आणि पहिल्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अध्यक्ष उठले होते. हातात भाषणाचा कागद, माइककडं निघालेले. ते माझ्या समोर आले, माझ्याकडं बघून त्यांनी नमस्कारासाठी हात जोडले. मी मान ताठ ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत कोणाचा तरी नमस्कार घेतला नाही. पण अध्यक्ष पुढं माइककडं चाललेच होते.

आवाज आला तो पहिल्या रांगेतून, मोठा नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईलसा.

"बठा," काकू म्हणाल्या. "आजून संपेल नही शे."

कोणी हसलं नाही. विधवा बाईच्या बोलण्याला शोकसभेत कोण हसणार. अध्यक्ष कागद हातात तसाच धरून परत गेले आणि बसले. मी पुन्हा पहिल्यापासून चार श्वास मोजले.

तिसऱ्या भागातली ती जागा आली. मी थांबले, डॉक्टर थांबले. बारा मात्रा रूथमिस एकट्याच, अगदी हळू, खालचे सूर वाजवत राहिल्या. त्यांच्यावर काहीच नव्हतं. लोकांना वाटलं असेल आम्ही विसरलो. मी काकूंकडं बघितलं. त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता. पण बाराव्या मात्रेला, मी जिथं सुरू व्हायचं नेमकं तिथं, ओठ थांबले. त्या हॉलमधे व्हायोलाचा भाग पाठ असलेलं दुसरं कोणी नव्हतं. त्यांना सगळं ऐकू येत होतं.

चौथा भाग संपला. पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत, मधे कोणीही न तोडता, हवालदारांची रचना या गावात वाजली, आणि त्यासाठी त्यांना मरावं लागलं. याचा राग माझा आजही गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. भाषणं झाली, दोन मिनिटं उभं राहून झालं. जाताना अध्यक्ष माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "धून छान होती हो मॅडम. जरा लांबली. आणि मधे मधे काहीतरी रिकामं रिकामं वाटत होतं."

फोडणीतला कांदा. उभ्या आयुष्यात त्या माणसानं संगीताबद्दल केलेलं ते एकमेव खरं विधान असावं.

मी चिमटे काढत होते तेव्हा काकू व्यासपीठावर आल्या. चौथ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"आते समजनं माले," त्या म्हणाल्या. "यासनं कोठे बसे ते."

आता कळलं मला, यांचं कुठं बसायचं ते. मग त्यांनी खाली वाकून ती खुर्ची स्वतः दुमडली, आणि मला म्हणाल्या, चिमटे मोजून घे, सोळा शेतस.